ग्वाल्हेरहून आग्रा, जयपूर, दिल्ली: खासगी गाडी आणि गाईड घेऊन सहल कशी आखावी

पुण्या-नागपूरचे पाहुणे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात उतरले की दोन दिवसांत किल्ला, जयविलास आणि तानसेनाची समाधी बघून होते. मग घरातले कोणीतरी म्हणतेच, "इथवर आलोच आहोत, तर ताजमहाल करून येऊ." ताजचा विषय निघाला की फत्तेपूर शिक्री येते, तिच्यामागून जयपूर, आणि जयपूरपर्यंत गेल्यावर दिल्ली सोडवत नाही. महाराज बाडा चौकातल्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे यासाठी तयार पॅकेज असते, पण ते बहुधा दिल्लीला सुरू होऊन दिल्लीला संपते. ग्वाल्हेरकरांना ते उलटे पडते. आग्रा आपल्यापासून १२० किलोमीटरवर आहे, त्यामुळे आपली सहल आग्र्यापासून सुरू व्हायला हवी.

खासगी सहल महाग पडते. ते जास्तीचे पैसे आपण दोन गोष्टींसाठी मोजतो: कुठे किती वेळ थांबायचे, आणि कशानंतर काय बघायचे. हे निघण्याआधी आपण कागदावर ठरवले नाही, तर रस्त्यात ड्रायव्हर, गाईड आणि दुकानदार मिळून ठरवतात. पुढचे सगळे तपशील तो ताबा आपल्या हातात ठेवण्यासाठी आहेत.

आधी वार, मग तारीख

सुट्टी कधी मिळते ते बघून तारीख ठरवतात, तिथेच पहिली चूक होते. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. दिल्लीचा लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम आणि कमळ मंदिर सोमवारी बंद. आपल्या ग्वाल्हेरात गुजरी महालातले संग्रहालय सोमवारी, तर जयविलास बुधवारी बंद असते. म्हणजे शुक्रवार आग्र्यात नको, सोमवार दिल्लीत नको, आणि ग्वाल्हेरचा दिवस सोमवार किंवा बुधवार नको.

हे जुळवायचा सोपा मार्ग असा: पाहुण्यांनी शनिवारी ग्वाल्हेरला पोहोचावे. रविवारी ग्वाल्हेर. सोमवारी दुपारी जेवून आग्र्याला निघावे, त्या संध्याकाळी आग्र्याचा किल्ला. मंगळवारी ताज आणि इतमाद-उद-दौलाची कबर. बुधवारी फत्तेपूर शिक्री आणि आभानेरी करून रात्री जयपूर. गुरुवार-शुक्रवार जयपूर. शनिवारी जयपूरहून दिल्ली, संध्याकाळी कुतुबमिनार. रविवारी लाल किल्ला आणि हुमायूनची कबर. सोमवारी मथुरेवरून घरी. ग्वाल्हेरबाहेर गाडी सोमवार ते सोमवार, म्हणजे आठ दिवस. यातला एखादा दिवस पुढे-मागे करायचा असेल, तर आधी वरचे बंद वार पुन्हा ताडून बघा.

रविवारी लाल किल्ल्यात गर्दी असते. उघडल्या उघडल्या आत गेलात तर दोन तासांत नीट बघून होतो. अकरानंतर तपासणीच्या रांगेतच तासभर जातो.

ऋतू: धुके आणि धूर

उत्तरेत हिवाळा चांगला असे सरसकट सांगतात. ते अर्धेच खरे आहे. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या शेवटापर्यंत आग्रा-दिल्ली पट्ट्यात दाट धुके पडते. पहाटे सहाला ताजच्या दारात उभे राहिलात तरी समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही, आणि रस्त्यावर दहा-वीस हातांपलीकडचा ट्रक दिसत नाही. नोव्हेंबरात दिल्लीत धूर असतो. प्रदूषण ठरावीक पातळीच्या वर गेले की बीएस-४ डिझेल आणि बीएस-३ पेट्रोल मोटारींवर (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी मानक) दिल्लीत निर्बंध येतात, आणि ग्वाल्हेरच्या टॅक्सींमध्ये बीएस-४ डिझेल गाड्या अजून पुष्कळ आहेत. सीमेवर गाडी अडली तर दंड ड्रायव्हरला होतो, पण तुमचा दिवस जातो.

त्यामुळे फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते मार्चचा मध्य हा सगळ्यांत चांगला काळ. दुसरी पसंती ऑक्टोबरची. जानेवारीतच जायचे असेल तर ताजची वेळ सकाळी साडेदहा-अकरावर न्या, आणि धुक्याच्या दिवसांत कोणताही लांबचा पल्ला सकाळी नऊच्या आधी किंवा अंधार पडल्यावर ठेवू नका. २६ जानेवारीच्या आधी काही दिवस आणि १५ ऑगस्टच्या आसपास लाल किल्ला प्रवाशांना बंद असतो, हेही कॅलेंडरवर लिहून ठेवा. होळीच्या आठवड्यात मथुरा टाळा. मे-जूनच्या उन्हात ज्येष्ठांना संगमरवरी चौथऱ्यावर उभे करू नका.

गाडीचा हिशोब

इथे सगळ्यांत जास्त पैसे हातातून जातात, आणि का गेले ते बहुतेकांना शेवटपर्यंत कळत नाही. बाहेरगावच्या टॅक्सीचा दर किलोमीटरवर सांगतात, पण त्यात दिवसाला किमान २५० किलोमीटर धरलेले असतात. गाडी त्या दिवशी ४० किलोमीटर चालली तरी बिल २५०चे.

आपल्या मार्गाचा हिशोब करू. ग्वाल्हेर ते आग्रा १२०. आग्र्याहून शिक्री, आभानेरी करत जयपूर सुमारे २५०. जयपूर-दिल्ली २८०. दिल्ली-मथुरा १७० आणि मथुरा-ग्वाल्हेर १७५ धरा. झाले साधारण १,०००. शहरांतले फिरणे ३०० धरा. एकूण १,३००. पण आठ दिवसांचे किमान किलोमीटर होतात २,०००. समजा दर १५ रुपये असेल, तर चाललेल्या अंतराचे १९,५०० आणि बिलाचे ३०,००० रुपये. साडेदहा हजार रुपये गाडी उभी राहिल्याचे.

गाडीवाल्याचेही बरोबर आहे, कारण ते आठ दिवस त्याची गाडी दुसऱ्या कोणाला देता येत नाही. म्हणून भांडू नका, सौदा बदला. "आठ दिवस, एकूण १,५०० किलोमीटर, एकरकमी किती?" असे विचारा. दोन-तीन ठिकाणी हाच प्रश्न, याच शब्दांत विचारलात तर आकड्यांची तुलना होते. एक दर किलोमीटरचा आणि दुसरा एकरकमी असेल तर होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे शनिवारी दुपारी दिल्लीत पोहोचल्यावर गाडी परत पाठवायची. रिकाम्या परतीचे ३२० किलोमीटर द्यावे लागतात, पण दोन दिवसांचे किमान भाडे वाचते. दिल्लीत मेट्रोने फिरावे आणि सोमवारी रेल्वेने ग्वाल्हेरला यावे. निजामुद्दीनहून गतिमान एक्स्प्रेस सकाळी सुटते, फक्त शुक्रवारी ती धावत नाही. यात मथुरा सुटते. बरोबर सत्तरीच्या पुढचे कोणी असेल तर मात्र गाडी ठेवाच. मेट्रोचे जिने आणि लांबलांब बोगदे गुडघ्यांना सोसत नाहीत.

गाडी कोणती? सहा माणसे असतील तर अर्टिगाच्या मोहात पडू नका. तिसरी रांग उघडली की मागे दोन लहान बॅगांपुरती जागा उरते, आणि बाकीचे सामान आठ दिवस पायांत राहते. चार जणांना अर्टिगा ऐसपैस होते. सहा जणांना इनोव्हा लागते, आणि तीही वर कॅरियर असलेली. सहाच्या वर गेलात तर टेम्पो ट्रॅव्हलर. आणखी एक बारीक गोष्ट: गाईड गाडीतून बरोबर येणार असेल तर त्यालाही जागा लागते. सहा प्रवाशांनी भरलेल्या इनोव्हात ती नसते. अशा वेळी गाईडला थेट दारावर भेटायला सांगा, आणि दारही सांगा: ताजचे पूर्वेचे, किल्ल्याचे अमरसिंह दरवाजाचे.

पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळते, पण भाड्याने चालवलेल्या खासगी गाडीला अपघातात विम्याची कंपनी हात वर करू शकते. या सहलीत मध्य प्रदेशातून राजस्थान, मग उत्तर प्रदेश, पुन्हा राजस्थान, हरियाणा आणि दिल्ली अशा सीमा ओलांडायच्या असतात. नुसते आग्र्याला जातानाही धौलपूरचा राजस्थान मध्ये येतो. गाडीला अखिल भारतीय पर्यटन परवाना आहे का, हे तोंडी न विचारता परवान्याचा फोटो मागा.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचे

पुढच्या गोष्टी व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी हव्यात. गाडीचे मॉडेल आणि वर्ष, बीएस-६ असल्याचा उल्लेख. एकूण किलोमीटर, त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरचा दर, आणि मोजणी कुठून: तुमच्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून. टोल, पार्किंग, राज्यांचा कर, ड्रायव्हरचा रोजचा भत्ता आणि त्याच्या झोपण्याची सोय यांतले काय धरले आहे, काय नाही. जीएसटी आत की बाहेर. गाडी बिघडली तर किती तासांत दुसरी मिळेल. हॉटेलांची नावे. "किंवा तत्सम" असे लिहिलेले असेल तर ते खोडून दुसऱ्या हॉटेलचेही नाव घाला, कारण ताजशेजारच्या ताजगंजमधले हॉटेल आणि बायपासवरचे हॉटेल यांत पहाटेचा पाऊण तास जातो. आणि शेवटी एक ओळ: "खरेदीसाठी कोणताही थांबा नाही. पाहुणे सांगतील तरच."

ड्रायव्हरच्या झोपेकडे दुर्लक्ष होते, म्हणून हे वेगळे सांगायला हवे. पहाटे साडेपाचला ताजच्या दारात सोडलेल्या ड्रायव्हरने रात्री दहाला लाइट अँड साउंड शोहून परत आणावे, ही अपेक्षा धोक्याची आहे. हॉटेल ठरवतानाच ड्रायव्हरला खाट आणि अंघोळीची सोय आहे का ते विचारा. नसली तर तो गाडीतच झोपतो आणि दुसऱ्या दिवशी तुमची माणसे त्याच्या हातात असतात.

आगाऊ रक्कम पाव हिस्सा पुरे. निघताना अर्धी, उरलेली घरी आल्यावर. सगळे पैसे आधी दिले की रस्त्यात बदललेल्या गोष्टींवर बोलायला जोर राहत नाही. आणि निघताना गाडीच्या मीटरचा फोटो ड्रायव्हरसमोर काढा.

गाईड

ड्रायव्हर हा गाईड नव्हे. "ड्रायव्हरला सगळे माहीत आहे" असे एजंट सांगत असेल तर त्याचा अर्थ इतकाच की गाईडचे पैसे वाचवले आहेत. स्मारकाच्या आत परवानाधारक गाईडलाच माहिती सांगता येते. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचा किंवा त्या-त्या राज्याच्या पर्यटन विभागाचा परवाना असतो. त्यावर फोटो, मुदत आणि क्षेत्र लिहिलेले असते. ग्वाल्हेरच्या गाईडला आग्र्याला घेऊन जाण्याचा बेत म्हणूनच जमत नाही. प्रत्येक शहरात तिथला घ्यावा. शुल्क अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचे, आणि माणसांच्या गटावर ठरते. एक ते पाच जणांचा एक टप्पा, सहापासून पुढचा. तुम्ही सहा असाल तर आधीच विचारून घ्या.

सगळीकडे गाईड लागत नाही. आग्र्याचा किल्ला आणि ताज यांना एकच गाईड, दोन अर्धे दिवस. जयपूरला आंबेर आणि जंतरमंतर यांसाठी. दिल्लीत लाल किल्ल्यासाठी. कुतुबमिनार, हवामहल, मेहताब बाग ही ठिकाणे आपली आपण बघता येतात.

आदल्या दिवशी गाईडला फोन करून तीन गोष्टी सांगा: गटात किती जण आणि कोणाचे वय काय, कोणाला किती चालवते, आणि आपल्याला काय ऐकायचे आहे. मराठी घराला काय ऐकायचे असते हे तिथल्या गाईडला माहीत नसते, सांगितले की तो तयारीने येतो. मराठी बोलणारा गाईड मिळेल या भरवशावर राहू नका. हिंदी ऐकणे जड जाते अशी आजी बरोबर असेल तर दोन वाक्यांनंतर थांबायला सांगा, आणि घरातल्या एकाने ते मराठीत सांगावे. ग्वाल्हेरची मुले हे काम सहज करतात.

ग्वाल्हेरचा रविवार

पाहुण्यांना गाडीने उरवाई दरवाजाने वर नेण्याची सवय असते. त्यात दगडात कोरलेल्या जैन मूर्ती दिसतात, पण चतुर्भुज मंदिर सुटते. ते दुसऱ्या बाजूच्या, ग्वालियर गेटकडून चढणाऱ्या पायवाटेवर आहे. तिथल्या शिलालेखात, इसवी सन ८७६च्या, २७० आणि ५० या आकड्यांत शून्य गोल काढलेले आहे. गाडी उरवाईने वर पाठवा आणि चालणाऱ्यांनी गुजरी महालातली शालभंजिकेची मूर्ती बघून पायी चढावे, किंवा वरून उतरताना हे मंदिर करावे. बरोबर लहान मुले असतील तर त्यांना आधी सांगू नका. तो शून्य त्यांना स्वतः शोधू द्या.

आग्रा

सोमवारी साडेबाराला निघालात तर मुरैना, चंबळेचा पूल आणि धौलपूर मागे टाकून तीनपर्यंत आग्रा येते. हॉटेलवर फक्त बॅगा टाका आणि थेट किल्ल्यावर जा. प्रवाशांना अमरसिंह दरवाजानेच आत सोडतात, किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे आहे. दरवाजाबाहेर शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथे पाच मिनिटे थांबल्याशिवाय कोणतेही मराठी घर आत जात नाही, आणि जाऊही नये. १२ मे १६६६ रोजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात आले ते याच किल्ल्यात. गाईडला आधी सांगितले असेल तर तो तुम्हाला दिवाण-ए-आमवरून दिवाण-ए-खासकडे त्या क्रमाने नेईल. सांगितले नसेल तर शाहजहानच्या कैदेची गोष्ट ऐकून बाहेर याल. ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. त्याला जिथे ठेवले होते त्या मुसम्मन बुरुजातून संध्याकाळच्या उन्हात ताज दिसतो, तेव्हा ती आपोआप समजते.

ताजची तिकिटे आदल्या रात्री पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. नकली संकेतस्थळे आणि दारावरचे "विनारांग" वाले दोघांपासून लांब राहा. भारतीयांना प्रवेश ५० रुपये, आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचे तर वेगळे २००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. अमेरिकेहून आलेला भाचा बरोबर असेल आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असेल, तर त्याला भारतीयांचाच दर लागतो. ते कार्ड पाकिटात असू द्या, नाहीतर परदेशी दराने पैसे भरावे लागतात. तिकीट आत गेल्यापासून तीन तास चालते.

दारे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. पूर्वेच्या दाराला शिल्पग्रामचा वाहनतळ आहे, तिथून बॅटरीची गाडी. आपली मोटार ताजजवळ नेता येत नाही. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, लायटर, चाकू, ट्रायपॉड, मोठी बॅग यांतले काही असले की तपासणीतून परत पाठवतात, आणि लॉकरपर्यंत जाऊन येण्यात पहाटेचा तो शांत अर्धा तास संपतो. आजोबांच्या खिशातली तंबाखूची डबी हॉटेलवरच राहू द्या. पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी असते, म्हणून तिकिटे एकाच फोनमध्ये ठेवू नका.

आत गेल्यावर सगळे जण फोटोसाठी तळ्यापाशी थबकतात. तुम्ही आधी सरळ चौथऱ्यावर जा, कारण तिथली गर्दी वीस मिनिटांत वाढते. दारावरच्या काळ्या अक्षरांकडे बघा: खालून वरपर्यंत सारख्याच उंचीची वाटतात, कारण वर जाताना ती मोठी करत नेली आहेत. आत शाहजहानची कबर एका बाजूला सरकलेली आहे. या अख्ख्या वास्तूत जुळणी मोडते ती इथेच, कारण मधली जागा मुमताजची होती. ज्या पाहायला मिळतात त्या दोन्ही कबरी दिखाऊ, खऱ्या तळघरात. पच्चीकारीच्या, म्हणजे संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेल्या, फुलांतला लाल दगड म्हणजे अकीक. अंधाऱ्या कोपऱ्यात गाईड टॉर्च टेकवून दाखवतो तेव्हा पाकळी निखाऱ्यासारखी आतून उजळते आणि शेजारचा हिरवा दगड तसाच मिट्ट राहतो. हेच काम गर्दीशिवाय, हवा तितका वेळ बघायचे तर त्याच दिवशी इतमाद-उद-दौलाला जा. तिथे नाकासमोर जाळी येते आणि मागून कोणी ढकलत नाही. आमच्या मते आग्र्यात ताजनंतरचे सगळ्यांत सुंदर ठिकाण तेच.

पौर्णिमा आणि तिच्या मागचे-पुढचे दोन दिवस रात्री ताज बघता येतो, शुक्रवार आणि रमजान सोडून. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्या आणि मोजकी तिकिटे असतात. जमले तर उत्तम, पण तो पहाटेच्या भेटीला पर्याय नाही, कारण रात्री चौथऱ्यावर सोडत नाहीत.

सकाळी नऊला बाहेर पडलात की बेडई (डाळीचे सारण भरलेली पुरी) आणि जिलबी. पेठा घ्यायचा तो निघायच्या दिवशी घ्या, पाकातला पेठा बॅगेत गळतो.

शिक्री, आभानेरी आणि जयपूर

शिक्रीला मोटार खालीच ठेवून वर बसने जावे लागते. गाडीतून उतरताच "गाईड" म्हणवणारी पोरे अंगावर येतात. त्यांतले अनेक विनापरवाना असतात, आणि दर्ग्यात चादर चढवण्यावरून शेकड्यांची मागणी सुरू होते. चादर श्रद्धेने चढवायची असेल तर किंमत आधी ठरवा. बुलंद दरवाजाच्या उंच पायऱ्या ज्येष्ठांना नकोत. पूर्वेच्या बादशाही दरवाजाने आत जाऊन बुलंद दरवाजा आतून बघावा, आणि चालणाऱ्यांनी खाली उतरून समोरून बघावा.

आभानेरीची चांद बावडी महामार्गापासून जरा आत आहे. साडेतीन हजार पायऱ्या, तेरा थर. खाली उतरू देत नाहीत, म्हणून अर्धा-पाऊण तास पुरतो. दुपारी एकच्या आसपास पोहोचलात तर उन्हाने पायऱ्यांचे त्रिकोण ठळक दिसतात. नंतर सावली सरकते.

जयपूरला गुरुवारी सकाळी आठला आंबेर. वर जायला जीप मिळते, गुडघेदुखीवाल्यांनी तीच घ्यावी. हत्तीवरून चढण्याचा आग्रह होतो. त्या चढावर दिवसभर माणसे वाहणाऱ्या जनावराकडे बघून तुम्हीच ठरवा, आम्ही सुचवणार नाही. हा किल्ला मानसिंहाने उभारायला घेतला आणि मिर्झाराजे जयसिंहाने वाढवला. तेच मिर्झाराजे, ज्यांच्याशी १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि ज्यांच्या शब्दावर महाराज आग्र्याला गेले. तीन दिवसांपूर्वी आग्र्याचा किल्ला बघितलेला असतो, त्यामुळे शीशमहालाच्या आरशांपेक्षा हा धागाच घरातल्या मोठ्यांना धरून ठेवतो. हा क्रम उलटा, जयपूरहून आग्रा, असाही चालतो. पण ग्वाल्हेरहून जाताना हाच सोपा.

आंबेर, जंतरमंतर, हवामहल, नाहरगड, अल्बर्ट हॉल यांचे दोन दिवस चालणारे एकत्र तिकीट मिळते, ते पहिल्याच ठिकाणी घ्या. सिटी पॅलेस आणि जयगड यांची तिकिटे वेगळी. जंतरमंतर ऊन असतानाच बघायचे, ढगाळ दिवशी तो नुसता दगडी पसारा वाटतो. सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे. त्याच्या सावलीच्या कडेवर मुलाला बोट ठेवायला सांगा आणि एक मिनिट मोजा: सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे मिनिटात चार बोटांइतकी सरकते. तिथली वेळ आपल्या घड्याळापेक्षा सुमारे २७ मिनिटे मागे असते, आणि ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटे कमी-जास्त होतात. चांगला गाईड हा फरक तक्त्यावरून जुळवून दाखवतो. ज्याला तो येत नाही त्याला पुढे कुठे घेऊ नका.

दुकाने

आग्र्यात "संगमरवराचा कारखाना" आणि जयपुरात "सरकारी एम्पोरियम" हे शब्द कानावर आले की ओळखा. तिथल्या प्रत्येक खरेदीवर आणणाऱ्याला हिस्सा मिळतो आणि तो तुमच्या किमतीतच असतो. घराबाहेर हिंदी रोज बोलतच असतो, तेव्हा पहिल्याच दिवशी गाडीत बसताना सरळ सांगा: "भैया, दुकान पर नहीं रुकना है, टिप हम अपनी तरफ से अच्छी देंगे." आणि शेवटी ती खरोखर चांगली द्या.

घ्यायचेच असेल तर नखाने ओरखडा काढून बघा. शंखजिरे ओरखडते, संगमरवर नाही. संगमरवराला मागून टॉर्च लावली की उजेड आरपार झिरपतो. "घरी पाठवून देतो" म्हटले की नको म्हणा, हातात मावेल तेवढेच घ्या. जयपुरात खड्यांचे पुडके दुसऱ्या गावी पोहोचवल्यास नफा देण्याचे आमिष दाखवतात. ते सरळ फसवणुकीचे आहे.

दिल्ली आणि मथुरा

जयपूरहून दौशामार्गे सोहन्यापर्यंतचा द्रुतगती मार्ग धरला तर ट्रकांचा त्रास वाचतो, पण वाटेत खाण्याची सोय विरळ आहे. न्याहारी करूनच चढा. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारी बंद असतात, त्यामुळे गाडी लाल किल्ल्याच्या वाहनतळावर ठेवून सायकल रिक्षा करावी.

लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये गाईड सांगेल की इथले चांदीचे छत मराठ्यांनी उतरवले. ऐकून चिडू नका, ते खरे आहे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी ते उतरवून त्याचे नाणे पाडले, कारण फौजेला द्यायला पैसे नव्हते. पुढचे मात्र गाईडला विचारा: १७८८ मध्ये गुलाम कादिराने याच किल्ल्यात शाहआलमचे डोळे काढले, तेव्हा बादशहाला सोडवायला महादजी शिंद्यांची फौज आली होती. ती आपल्याच ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याची. अनेक गाईड ही दुसरी गोष्ट वगळतात. पानिपतच्या रणभूमीवरचे काला आंब स्मारक दिल्लीहून ९० किलोमीटरवर आहे. त्यासाठी पूर्ण एक दिवस वाढवा, अर्ध्या दिवसात कोंबू नका.

सोमवारी सकाळी सहाला दिल्ली सोडा. मथुरेतले द्वारकाधीश मंदिर दुपारी बंद होते आणि संध्याकाळी उघडते, त्यामुळे साडेनऊपर्यंत पोहोचायला हवे. हे मंदिर १८१४ मध्ये ग्वाल्हेर दरबाराचे खजिनदार गोकुळदास पारीख यांनी बांधले. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी बाहेर ठेवून ई-रिक्षा घ्या, आणि चष्मा हातात धरा, माकडे तो नाकावरून नेतात. कृष्ण जन्मस्थानी फोन आत नेता येत नाही. दोन्ही करायचे तर एकाने सगळ्यांचे फोन घेऊन गाडीत बसावे.

मथुरेहून बाराला निघालात तर चहाच्या वेळेला लष्करात. सामान उतरवण्याआधी मीटरचा दुसरा फोटो काढा, पहिल्याशी वजाबाकी करा आणि उरलेली रक्कम द्या. टोलच्या पावत्या ड्रायव्हरकडून तिथेच मोजून घ्या, कारण फास्टॅगमधून कापलेला टोल रोखीनेही मागितला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कोणी बोलत नाही.